निरवांगीची आत्या आणि विलायतेची क्लॅरा

बारामती,
१० जानेवारी १९९६

ती. आत्यास सुकन्याचा नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. अक्षर आता चांगलंच वळणावर आलंय. साक्षरतेच्या वर्गात मास्तरीणबाईंवर रागावून तू पाटी फोडलीस, असं मामा सांगत होते. फुटू दे. फुटक्या पाटीवर का होईना, शिकलीस.

आता माझं ऐक. मी कादंबरी लिहितेय. हसू नकोस, इथं टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये सगळ्यांचं हसून झालंय. पुण्याच्या ज्या प्रकाशकाने माझ्या दोन गोष्टी मासिकात छापल्या, तो म्हणतो, आता कादंबरी द्या, पण इथली नको. पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या विलायतेतली द्या. तेव्हा तिथला राजा वेडा झाला होता, म्हणून त्याचा पोरगा कारभार बघत होता. त्या काळातले जमीनदार, त्यांच्या मुली, घोडागाड्या, नाच आणि शेवटी लग्न. अशी पुस्तकं इंग्रजीत गठ्ठ्यांनी खपतात, मराठीत कुणी लिहीत नाही म्हणे. मी म्हटलं, अहो, मी बारामतीच्या पलीकडे पुणं बघितलंय, तेही चार वेळा. तर म्हणाला, लिहिणाऱ्यांपैकी कुणीच तो काळ बघितलेला नाही.

लिहायला बसले आणि कळलं की मला काहीच माहीत नाही. माझा कॅप्टन घोड्यावरून पडतो. माणूस घोड्यावरून पडतो कसा? तू लग्नाआधी मेंढरांमागं रानोमाळ हिंडलीस, ओझ्याची घोडी तुझ्याकडेच असायची, म्हणून तुला विचारते.

दुसरं, ते लोक नाचाच्या वेळी एकमेकांना बघून ठेवतात. तुमच्या वेळी जत्रेत कोण कुणाला कसं बघायचं?

तिसरं जरा अवघड आहे. या पुस्तकांत शेवटी तो तिला विचारतो. म्हणजे समोर उभा राहून, तोंडाने, माझ्याशी लग्न करशील का, असं. मग ती विचार करते आणि हो किंवा नाही सांगते. सगळं पुस्तक त्या एका विचारण्यासाठी असतं. आत्या, मी चोवीस वर्षांची झाले, पण कुणी कुणाला असं विचारलेलं मी पाहिलं नाही. न पाहिलेलं लिहू कसं? तू पाहिलंयस का?

तुझी,
सुकन्या


॥ बिरोबा प्रसन्न ॥

निरवांगी,
२२ जानेवारी

चि. सुकन्या हिला आत्याचा आशीर्वाद.

पाटी मी फोडली न्हाय. ती पडली. तुझ्या मामांला मी म्हणलं, तुमी आधी तुमचं अक्षर दाखवा, मग माझ्या पाटीचं बोला.

बाप वेडा झाला अन् पोरगं नाच बघत बसलं? अन् असल्या माणसांनी येऊन आपल्यावर राज्य केलं? आपली माणसं तवा काय करीत हुती ते कुणी लिवत न्हाय. मेंढरं घेऊन घाट उतरत हुती, दुसरं काय.

घोड्यावरनं माणूस पडत न्हाय. घोडं पाडतं. पोटाखालचा तंग ढिला ऱ्हायला की खोगीर फिरतं अन् माणूस घोड्याच्या पोटाखाली जातो. तुझा साहेब तसा पाड. जास्त लागत न्हाय, अब्रू जाती.

जत्रेत बाप्ये नाचायचे अन् बाया बघायच्या. गजी म्हणत्यात त्या नाचाला. रांगेत उभं ऱ्हायचं, हातात रुमाल, ढोलाच्या ठेक्यावर पाय. बाया झाडाखाली बसून नावं ठिवायच्या, ह्याचं पाय वाकडं, त्याचं नाक मोठं. बघायचं अन् घरी यायचं. लगीन मोठी माणसं ठरवायची.

अन् इचारत्यात म्हंजे? पोरीला? हे कसलं पुस्तक? लुगड्याला कुणी इचारतं का, बाई तुला कुणी नेसायचं? मला हितं दिली अन् हितली पोरगी, म्हंजे तुझी आई, तुझ्या बापाला केली. साटंलोटं. एका मांडवात दोन लग्नं, एका खर्चात. म्हणून तर मी तुझी आत्याबी अन् मामीबी. मला कुणी इचारलं न्हाय, तुझ्या आईलाबी न्हाय. काय बिघडलं?

तुझंबी तसंच. बारशाला तुझं नाव मी ठिवलं अन् पाळण्यातच कुंकू लावून माझ्या बिरूसाठी तुला मागून घेतली. तुझ्या बापानं, सोनबानं, समद्यांच्या म्होरं शब्द दिला. ह्या उन्हाळ्यात उरकून टाकू. तवर तुझी कादंबरी संपव. हितं लिवायला येळ घावायचा न्हाय. ऊस हाय, गाई हायत.

बिरू बरा हाय.

आत्या


बारामती,
१८ फेब्रुवारी

ती. आत्यास नमस्कार.

कॅप्टन लॉरेन्सला तुझ्या सांगण्याप्रमाणे घोड्याच्या पोटाखाली घातला. प्रकाशकाला तो प्रसंग इतका आवडला की त्याने पत्रात दोनदा लिहिलं. पण नाचावरून तो माझ्यावर उखडला. मी दिवाणखान्यात सगळे लॉर्ड रुमाल घेऊन रांगेत नाचवले आणि त्यांच्या बायका भिंतीशी खुर्च्यांवर बसून नावं ठेवतायत असं लिहिलं. त्याचं उत्तर, 'बाई, इंग्रज जोडीने नाचतात, एकमेकांचा हात धरून. ही काय जत्रा आहे?' मग आधी सांगायचं होतं! मला काय स्वप्न पडणार होतं? आणि खरं सांगू, माझाच नाच चांगला होता. निदान बायकांना बसल्या बसल्या काही काम तरी होतं.

सोबत पहिली सहा प्रकरणं पाठवतेय. मोठ्या अक्षरात लिहिलीत, तुझ्या वर्गातल्या बायकांना वाचून दाखव. गोष्ट अशी आहे. क्लॅराच्या वडिलांना मुलीच आहेत. घराचा कागद असा केलाय की वडिलांच्या मागे घर आणि जमीन त्यांच्या बहिणीच्या मुलाला जाणार. तो थिओडोर. म्हणून सगळे म्हणतात, क्लॅराने थिओडोरशीच लग्न करावं, म्हणजे घरातलं घरात राहील. सहाव्या प्रकरणात तो येतो आणि विचारतो. ती नाही म्हणते.

ते विचारणं मला जमलेलं नाही. 'त्याने तिला विचारले' एवढं लिहून मी पुढे गेलेय.

मामांना नमस्कार सांग.

सुकन्या


॥ बिरोबा प्रसन्न ॥

निरवांगी,
२ मार्च

सुकन्या,

आशीर्वाद लिवायचा हात होत न्हाय, तरी लिवते. आशीर्वाद.

परकरणं वर्गात वाचली. मी वाचली, मोठ्यानं. सारजानं पयल्यांदाच इचारलं, ही माणसं दिवसभर एकमेकांच्या घरी चहा पीत बसत्यात, तर ह्यांची शेरडं कोण बघतं? क्लॅराला कापडं घालायला बाई ठिवलीया. हात मोडल्यात का तिचं? अन् पत्र आलं की ती बेशुद्ध पडती. आमच्यात बेशुद्ध पडायला कुणाला येळ हाय? एवढं समदं आमी सोसलं, कारण तू लिवलंस.

मग थिओडोर आला. तोंडात घास ठिवून बोलतोय. बोलतोय तर नुसतं डुकरांचं. पाहुण्याच्या घरी गेला की माणसांच्या आधी गोठा बघतोय. उन्हाळ्यातबी कानाला मफलर. सारजा हसली अन् म्हणली, बानूबाई, ह्यो तर आपला बिरू! समदा वर्ग हसला. मास्तरीणबाईबी हसली. मी कागद मिटलं अन् घरी आले.

माझ्या लेकाला डुकरं पाळायला लावलीस? बिरू मफलर बांधतो कारण त्याचा कान दुखतो, ल्हानपणापासनं. तुला कधी इचारायचं सुचलं न्हाय. गोठा आधी बघतो कारण माणूस खोटं बोलतो, गोठा बोलत न्हाय. तुझ्या बापाची गाय आटली हुती तवा रातोरात औषध घेऊन कोण आलं हुतं? तुझा कप्तान?

अन् क्लॅरा त्याला न्हाय म्हणती! आत्याच्या पोराला! हक्काचं माणूस सोडून ज्याला धड घोड्यावर बसता येत न्हाय त्याच्या गळ्यात पडायला निघालीया. त्या पोरीला आत्या न्हाय का? असंल तर तिनं ऐकून कसं घेतलं?

मी चारच बुकं शिकले म्हणून मला येडी समजू नगं. तुला काय सांगायचंय ते तोंडानं सांग. विलायतेला वळसा घालून निरवांगीला येऊ नगं.

आत्या


बारामती,
९ मार्च

ती. आत्यास,

सांगते. मला बिरूशी लग्न करायचं नाही.

घे, सरळ आले. आता माझाही राग ऐक.

होय, थिओडोरमध्ये बिरू घातलाय. मग कुणाला घालू? मला लॉर्ड कुठं भेटणार, इथल्या भिगवण रोडला? जी माणसं मी पाहिलीत त्यांनाच मी कोट चढवणार. कान दुखतो हे मला माहीत नव्हतं, ती माझी चूक. मफलर काढून टाकते. डुकरंही काढते, मेंढ्या घालते. गोठ्याचं तू लिहिलंयस ते वाक्य तसंच्या तसं थिओडोरच्या तोंडी घालते, कारण ते माझ्या सगळ्या कादंबरीपेक्षा भारी आहे. बिरू वाईट माणूस नाही, आत्या. पण आम्ही दोघं एकत्र बसलो की दोन वाक्यांत बोलणं संपतं. मी बोलले की तो जांभई देतो आणि तो बोलला की मी. तुझ्या घरी जन्मभर दोघांनी जांभया देत बसायचं का?

तात्यांना मी सांगितलं. ते ओरडले नाहीत, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, 'बहिणीला दिलेला शब्द मी मोडणार न्हाय. तिनं सोडला तरच सुटंल.' आणि संध्याकाळी मांडववाल्याकडे जाऊन आले. म्हणजे माझी मान तुझ्या हातात. मी पाळण्यात होते तेव्हा मला बोलता येत नव्हतं, तेव्हा मला मागून घेतलंस. आता बोलता येतंय, तर ऐकायला कुणी नाही.

तू लिहिलंस, लुगड्याला कुणी विचारत नाही. मी लुगडं नाही. तूही नव्हतीस. आई नव्हती. एका मांडवात दोन लग्नं एका खर्चात झाली हे तू मला कौतुकाने सांगतेस? तुझ्या बदल्यात आई आणि आईच्या बदल्यात तू, बाजारात जनावरं बदलतात तसं! पाटी पडली तरी तुला राग येतो, मग याचा कसा आला नाही?

शब्द सोड, आत्या. तूच सोडू शकतेस.

सुकन्या


॥ बिरोबा प्रसन्न ॥

निरवांगी,
२० एप्रिल

चि. सुकन्या हिला आशीर्वाद.

तुझी मागनं आलेली दोन्ही कार्डं मिळाली. उत्तर दिलं न्हाय, कारण राग हुता. अजून हाय. पर कुणाचा हाय, तेच कळंना झालंय.

तू पाठिवलेली म्होरली परकरणं मी वाचणार नव्हते. वर्गातल्या बायांनी ऐकलं न्हाय. म्हणल्या, बानूबाई, तुमचं भांडण तुमच्यापाशी, आमाला क्लॅराचं काय झालं ते सांगा. वाचलं. पावसात ती अन् कप्तान त्या पडक्या देवळात आलं. समद्या बाया म्होरं सरकल्या. अन् तू काय लिवलंस? 'त्याने तिला विचारले.' बास! सारजा खवळली. काय इचारलं? उभा ऱ्हाऊन का बसून? आवाज कसा हुता? येवढी पानं वाचायला लावली अन् मुद्द्याच्या जागी हिनं पळ काढला, म्हणली.

मी तुझी बाजू घेतली. म्हणलं, तिनं ते कधी बघितलं न्हाय, ती तरी कुठनं लिवणार? अन् सहज म्हणलं, ज्यांना लग्नाचं इचारलं हुतं त्यांनी हात वर करा.

एक हात वर झाला न्हाय. म्हाताऱ्यांचा न्हाय, नव्या सुनांचा न्हाय. मास्तरीणबाईकडं बघितलं. ती शिकल्याली, नोकरीवाली. तिनं फळा पुसायला घेतला. त्या दिवशी अभ्यास झाला न्हाय.

घरी येऊन बिरूला म्हणलं, तुला सुकन्या करायची का? तो म्हणला, 'मला वाटलं तुमचं ठरलंय.' चारा टाकत हुता, हात थांबवला न्हाय. म्हंजे त्यालाबी कुणी इचारलं न्हाय! मीच न्हाय इचारलं, आईनं. मग म्हणलं, तू जा अन् तिला इचार. तर म्हणतो, ती न्हाय म्हणंल. म्हणलं, म्हणू दे की. न्हाय म्हणल्यानं माणूस मरत न्हाय. मरत असता तर तुझ्या बापाला मी कवाच मारला असता.

रविवारी येतुया. बिरू समद्यांच्या म्होरं तुला इचारंल. तू त्याच्या तोंडाकडं बघून काय ते सांग. न्हाय म्हणलीस तर शब्द सुटला, सोनबाला मी बघते. पर तू म्हण. मनात न्हाय, कागदावर न्हाय. आपल्या घरात बाईनं लग्नाला न्हाय म्हणल्यालं मी अजून ऐकलं न्हाय, मला ते ऐकायचंय.

सैपाक जास्ती करू नगं.

आत्या


बारामती,
२ मे

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

रविवारी तू समोरच होतीस, तरी सगळं तुला दिसलं नाही. बिरूची तुझ्याकडे पाठ होती. त्याने नवा शर्ट घातला होता आणि घडीची रेघ छातीवर तशीच होती. तुम्हाला जे ऐकू गेलं ते एवढंच, 'सुकन्ये, माझ्याशी लगीन करायचं का तुला?' पण त्याच्यानंतर तो हळूच म्हणाला, 'न्हाय म्हणलीस तरी चालंल.' ते फक्त मला ऐकू आलं. कॅप्टन लॉरेन्सला हे सुचलं नसतं.

मी दीड पानाचं भाषण पाठ केलं होतं. क्लॅराचंच. तोंडातून निघालं, 'नाही, बिरू.' त्याला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. दोन्ही दिसलं मला. मग तो 'बरं' म्हणाला आणि शेजारच्यांची म्हैस बघायला गेला.

तात्या उठले, म्हणाले, 'ह्यो काय तमाशा लावलाय?' आणि तू म्हणालीस, 'सोनबा, खाली बस. पडलं का आभाळ?' मला तेव्हा उठून तुझ्या पाया पडावंसं वाटलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि आत भाकरी करपली. आईची भाकरी करपलेली मी आजवर पाहिली नव्हती. तुम्ही गेल्यावर तात्या माझ्याशी बोलेनात. काल मात्र मांडववाल्याला जाऊन सांगून आले की यंदा नको.

तो प्रसंग मी कादंबरीत घातला, कॅप्टन क्लॅराला विचारतो त्या जागी. साधासुधा. प्रकाशकाने लगेच परत पाठवला. म्हणतो, नायकाला गुडघे टेकू द्या, मागे चंद्र घाला, वाचकांना हे कोरडं वाटेल. डोक्यात सणक गेली माझ्या. मी लिहिलं, 'मी विचारताना एकदाच पाहिलंय आणि ते असंच असतं. चंद्र हवा असेल तर दुसरी लेखिका बघा.' आता तो छापतो की नाही देव जाणे. मी बदलणार नाही.

आत्या, एक राहिलं. वर्गात तू सगळ्यांना हात वर करायला सांगितलंस, बिरूला विचारलंस, त्याला मला विचारायला लावलंस. तुला कुणी विचारलं? कुणीच नाही ना? मग मी विचारते. उशीर झालाय, मला माहीत आहे, रागावू नकोस.

बानू, तुला निरवांगीच्या त्या मुलाशी लग्न करायचंय का?

वाटेल ते उत्तर दे. नाही असलं तरी मी कुणाला सांगणार नाही.

तुझी,
सुकन्या


॥ बिरोबा प्रसन्न ॥

निरवांगी,
१४ मे

चि. सुकन्या हिला आशीर्वाद.

आत्याला नावानं हाक मारतीस? कान धरला असता, पर कागदाचा कान कसा धरायचा? लग्न झाल्यापासनं मला बानू म्हणून हाक मारणारं कुणी ऱ्हायलं न्हाय. परत मारू नगं. एकदा मारलीस ते बरं झालं.

माझं कसं ठरलं ते तुला कुणी सांगितलं नसंल. मी कोकरं घेऊन रानात गेल्ते. परत आले तर मुक्कामावर माणसं बसल्याली, गूळ वाटत हुती. मला वाटलं, थोरल्या चुलतीच्या पोरीचं ठरलं. मी हात म्होरं करून गूळ मागून घेतला अन् खाल्ला. वर आणिक मागितला. समद्या बाया हसाय लागल्या. मीबी हसले. का हसत्यात ते मला सांजच्याला कळलं. माझ्याच लग्नाचा गूळ मी मागून खाल्ला, सुकन्ये. इतकी वर्सं मी ही गोष्ट समद्यांना हसत सांगत आले. परवा तुझं पत्र वाचल्यावर सांगाय लागले अन् हसू येईना.

आता इचारलंस म्हणून सांगते. तुझे मामा त्याच्या आधी एकदा आमच्या मुक्कामावर आले हुते. त्यांची मेंढी चुकली हुती. पाणी मागितलं, मी तांब्या दिला. पाणी प्याले अन् तांब्या इसळून परत दिला. बाप्यानं तांब्या इसळल्याला मी पयल्यांदाच बघितला. ती मेंढी घावावी म्हणून मी बिरोबाला नवस बोलले हुते. कुणाला सांगितलं न्हाय. कुणी इचारलंच न्हाय तर सांगायचं कुणाला?

काल जेवताना त्यांना हे सांगितलं. ते म्हणले, 'मला तरी कुठं कुणी इचारलं.'

तर ऐक, अन् तुझ्या त्या परकाशकालाबी कळव. मी व्हय म्हणलं असतं. समद्यांच्या म्होरं, मान वर करून व्हय म्हणलं असतं. म्हणून तर माझं डोकं फिरलंय. व्हयच म्हणणार हुते की गं मी. मग इचारायला काय झालं हुतं?

बानू